मऊ पिठाचा पेसाख

फ्रिजमधला इडलीच्या पिठाचा डबा घराबाहेर काढायला सासूबाई तयार झाल्या, तेव्हा सासऱ्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवून विचारलं, की कोणाला काही झालं आहे का. त्यांचं चुकलं नव्हतं. वेस्ट मांबलमच्या या फ्लॅटमध्ये मी लग्न करून आले त्या दिवसापासून तो डबा खालच्या खणात बसून आहे. त्यातलं पीठ संपतं आणि संपायच्या आत नवं येतं, त्यामुळे डब्याचा तळ मी कधी पाहिलेला नव्हता. तो पाहायला मला माझ्या आईला चेन्नईला आणावं लागलं.

मी ठाण्याची, बेने इस्राएल. म्हणजे मराठी बोलणारी, मासे खाणारी, शनिवारी सुट्टी घेणारी यहुदी. माझा नवरा तंजावरी मराठी. त्याचे पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या आधी मराठी राजांच्या मागोमाग दक्षिणेत आले आणि इथलेच होऊन गेले. त्याच्या घरी मराठीच बोलतात, पण ती अशी की माझ्या ठाण्याच्या मैत्रिणी फोनवर सासूबाईंचा आवाज ऐकून मला विचारतात, मागे तमिळ सिनेमा लावलाय का. आमचं लग्न ठरलं तेव्हा दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांचं एकाच गोष्टीवर एकमत झालं, की हे काही टिकायचं नाही. त्यानंतर त्यांचं एकमत कशावरच झालेलं नाही आणि आमचं बरं चाललं आहे.

वडील गेल्यावर आई ठाण्याच्या घरात एकटी राहत होती. दादा इस्राएलमध्ये, अश्दोदला. तो दर फोनवर तिला म्हणायचा, आता कायमची इकडे ये. शेवटी आईने ठाण्याचं घर भाड्याने दिलं आणि दिवाळीनंतर माझ्याकडे आली, तीही ‘थोडे दिवस’ असं म्हणत. तिची मोठी बॅग तिने पूर्ण उघडलीच नाही. लागेल तसं एकेक लुगडं वरून काढायची आणि पुन्हा चेन लावायची. दादाने विचारलं, मी विचारलं, तर दोघांनाही एकच उत्तर, “पेसाखचा सण होऊ दे. मग सांगते.”

मला ती हवी होती. सरळ सांगते, दादाशी माझी टक्कर होती आणि माझी बाजू लंगडी होती. त्याच्याकडे समुद्र होता, घराशेजारी सिनेगॉग होतं, तीन नातवंडं होती आणि बाजारात ताजे मासे होते. माझ्याकडे एकच नात, तीही तमिळमध्ये भांडणारी. वर उकाडा, आणि अंडंसुद्धा ओट्यावर येऊ न देणाऱ्या सासूबाई. तेव्हा मी ठरवलं, पेसाख असा करायचा की आई अश्दोद विसरून जाईल. ऑफिसात मी ज्या प्रकल्पांवर काम करते त्यातल्या एकाचंही मी इतकं मनापासून नियोजन केलेलं नाही.

पहिली अडचण आंबवण्याची. पेसाख हा शब्द आमच्या कोकणातल्या आज्या-पणज्यांना माहीत नव्हता. त्या या सणाला अनाशी ढाकायचा सण म्हणत. अनाशी म्हणजे आंबट रसाचं भांडं, ते झाकायचं, आठ दिवस उघडायचं नाही, घरात काही आंबवायचं नाही. शास्त्राप्रमाणे बंदी खरी गव्हाच्या खमिराला. तांदूळ आम्ही खातो, उडीद खातो. पण आईचं म्हणणं, आंबलं ते आंबलं, ठाण्यात आंबो नाहीतर मद्रासला. तिच्या लेखी चेन्नई अजून मद्रासच आहे.

मी हे सासूबाईंना भीत भीत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, डब्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “आठ दिवसच की. माझ्या आईचे उपास याहून कडक असायचे.” सणाच्या आदल्या सकाळी त्यांनी सगळ्या पिठाच्या इडल्या घातल्या. त्या पाचही मजल्यांवर वाटल्या गेल्या, आणि वॉचमनने दुपारी फोन करून कळवलं की आता पुरे. सासऱ्यांनी दारात उभं राहून हळूच विचारलं, “आणि दही?” आईने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. दहीभातावाचून आठ दिवस हा माणूस काढू शकणार नाही हे तिला दिसलं असावं. दही दुधाचं, म्हणून चालतं, असा निकाल तिने तिथल्या तिथे दिला. सासरे त्या दिवसापासून आईला फार विद्वान समजतात.

दुसरी अडचण ताटाची. सेदरच्या रात्री, म्हणजे पेसाखच्या पहिल्या रात्री, मधोमध एक ताट मांडतात. त्यात भाजलेलं हाडूक हवं, अंडं हवं, कडू पाला हवा, खजुराचा दाट शिरा हवा. हाडूक आणि अंडं या घरात शक्य नव्हतं आणि ते मागायची माझी हिंमतही नव्हती. मी आईला म्हटलं, आपण सगळं झाडपाल्याचं करू. आई म्हणाली, “करा काय करायचं ते,” आणि पाहुणे जसे पदरात हात गुंडाळून बसतात तशी दिवाणखान्यात बसली. मला तिचं तसं बसणंच सोसत नव्हतं. पाच महिने ती आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत आली नव्हती. पाणीसुद्धा मागून घ्यायची.

सासूबाईंना मात्र या खेळाचा भलताच नाद लागला. हाडकाच्या जागी त्यांनी शेवग्याची शेंग सुचवली, गॅसवर काळी होईपर्यंत भाजून. अंड्याच्या जागी मांबलमच्या मंडईतून छोटी पांढरी वांगी शोधून आणली. ती खरोखर इतकी अंड्यासारखी दिसत होती की सासरे दोनदा वाकून बघून गेले. कडू पाल्याचा तर प्रश्नच नव्हता. त्याच आठवड्यात तमिळ नववर्ष आलं होतं. त्या दिवशी इथे कैरी, गूळ आणि कडुलिंबाचा मोहोर घालून पचडी करतात, आणि आमच्या गल्लीतला कडुलिंब तर अंगभर फुलला होता. सकाळी खाली ठेवलेल्या स्कूटरच्या सीटवर पांढरा सडा पडलेला असायचा. आईने पचडी चाखली आणि म्हणाली, “हे आमच्यात दोन वेगळ्या वाट्यांत असतं. कडू एकीकडे, गोड एकीकडे.” सासूबाई म्हणाल्या, “मग मागनं एकत्र करून खातांत की?” आई म्हणाली, हो, करतो. मी आत जाऊन एकटीच नाचले.

भांडी नवी लागतात, म्हणून नवरा आणि मी टी. नगरला गेलो आणि नवा तवा, पोळपाट, लाटणी, पातेली घेऊन बसमध्ये चढलो. बसमधल्या एका बाईंनी विचारलं, नवं बिऱ्हाड का? नवऱ्याने लाजत हो म्हणून टाकलं. लग्नाला बारा वर्षं झाली आहेत, पण लाजला.

गव्हाचं पीठ हे मात्र आईचं एकटीचं खातं होतं. बिनखमिराच्या रोटीचं पीठ पाण्यापासून जपावं लागतं. तिने स्वतः गहू निवडले, बाजारातल्या गिरणीवाल्याला जातं पुसायला लावलं, समोर उभं राहून दळून घेतलं आणि पीठ कोऱ्या पांढऱ्या फडक्यात बांधून कपाटात ठेवलं. सेदरच्या दिवशी दिवेलागणीच्या आधी ती स्वतः मळणार, मी लाटणार, असं ठरलं होतं.

त्या दिवशी दुपारी जेवून आई पडली. मी पिशवी घेऊन मोहोर गोळा करायला गच्चीवर गेले, कारण कडुलिंबाच्या फांद्या गच्चीच्या कठड्यावर आलेल्या आहेत. फुलं निवडून दोन तासांनी खाली आले तेव्हा सासूबाई पदराने हात पुसत उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मी त्यांच्या मागे पाहिलं. ओट्यावर नव्या परातीत ओल्या फडक्याखाली काहीतरी गरगरीत होतं. तेवढ्यात आई उठून उंबऱ्यापाशी आली.

सासूबाईंनी परात उंबऱ्यापाशी नेऊन फडकं दूर केलं. “बघा संबंदी, कसं मऊ जालं अहे,” त्या म्हणाल्या. संबंदी म्हणजे तमिळमध्ये विहीण. “कोंबट पाणी, चमचाभर तेल. दोन तास जालं झाकून ठेवून. तुम्हांस कशास त्रास.”

आता हे कसं झालं ते सांगायला हवं. खमीर चालत नाही एवढं सासूबाईंना माहीत होतं आणि खमिराचा कण त्यांनी घातला नव्हता. पण पिठाला पाणी लागल्यापासून रोटी भाजून निघेपर्यंत अठरा मिनिटांच्या वर जाता कामा नये, नाहीतर ते आपोआप आंबायला लागतं आणि पेसाखला बाद होतं, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मळणार आई होती, तेव्हा सांगायचं कोणाच्या डोक्यातही आलं नाही. आणि चांगल्या घरची बाई पीठ मळून झाकून ठेवणार नाही तर काय करणार? पोळी मऊ व्हावी म्हणून पीठ मुरवायचं, हे त्यांनी आयुष्यभर केलं होतं. आईसाठी त्यांनी ते जरा जास्तच मुरवलं होतं.

आईने अंगठ्याने पीठ दाबलं. ते हळूच वर आलं. मला डोळ्यांपुढे अश्दोदचं विमान दिसायला लागलं, खिडकीजवळ बसलेल्या आईसकट.

“इतकं मऊ पीठ माझ्या हातून जन्मात झालं नाही,” आई म्हणाली. मग थांबून म्हणाली, “पण हे आता घराबाहेर काढावं लागेल.”

मी अठरा मिनिटांची गोष्ट सांगितली. सासूबाई खाली स्टुलावर बसल्या आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. “तुमचा सण मोडलें मी,” त्या म्हणत राहिल्या. त्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते. पाच महिने दिवाणखान्यात पाहुण्यासारखी बसलेली माझी आई तेव्हा उंबरा ओलांडून आत आली, तिने पदर खोचला, सासूबाईंच्या दंडाला धरलं आणि म्हणाली, “उठा. रडताय कशाला? सूर्य अजून वर आहे. गहू शिल्लक आहेत. गिरणी कुठे पळून गेली नाही.”

तो गोळा खालच्या मजल्यावरच्या बाईंना दिला. त्यांनी त्याचे परोठे केले आणि असा पेसाख वारंवार येवो असा निरोप पाठवला. आम्ही तिघी गव्हाचा डबा घेऊन रिक्षात बसलो. डबा आईच्या मांडीवर, आई मध्ये, सासूबाई एका कडेला अर्ध्या बाहेर. त्यांनी रिक्षावाल्याला तमिळमध्ये काय सांगितलं कोण जाणे, पण तो एकेरी रस्त्यावर उलटा घुसला. गिरणी दुपारची बंद होती. सासूबाईंनी शटर वाजवून गिरणीवाल्याला झोपेतून उठवलं आणि जातं पुसायला लावलं. तो म्हणाला, परवाच तर पुसलं होतं. त्यांनी पुन्हा पुसायला लावलं. मग वाकून स्वतः पाहिलं, बोट फिरवलं आणि तिसऱ्यांदा पुसायला लावलं. एवढं तर आईनेही केलं नव्हतं. आई माझ्या कानाशी म्हणाली, “ही आपल्याहून कडक निघाली.” आणि हसू दाबायला तिने तोंडात पदर घेतला.

घरी आलो तोवर नवरा अंबत्तूरच्या कारखान्यातून अर्धा दिवस टाकून आला होता आणि मुलगी शाळेतून. आईने हुकूम सोडायला सुरुवात केली. ती मळणार, सासूबाई आणि मी लाटणार, मुलगी काट्याने टोचे मारणार, म्हणजे रोटी फुगणार नाही, आणि नवरा तव्यापाशी. सासऱ्यांच्या हातात घड्याळ. ते निवृत्त कारकून, वेळेच्या बाबतीत जन्मभर कोणाची गय केलेली नाही. स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून ते रेल्वे फलाटावरच्या सूचना देणाऱ्या आवाजात मिनिटं पुकारू लागले.

पहिला घाणा बाद झाला. सासूबाईंचा हात सवयीने गोळ्यावर झाकण ठेवायला गेला. आई ओरडली नाही, तिने नुसतं ते झाकण उचलून आपल्या डोक्यावर ठेवलं आणि मळत राहिली. ते पाहून मुलगी जी हसायला लागली ती थांबेना, मग मी, मग तव्यापाशी नवरा, आणि त्याच्या हातची रोटी कोळसा झाली. सासरे खुर्चीतून बजावत होते की हसण्याची मिनिटंही मोजली जातील. दुसऱ्या घाण्याला सासूबाईंनी न विचारता तेलाच्या बुधलीकडे हात नेला आणि मीच त्यांचा हात धरला, कारण या रोटीला पीठ आणि पाणी एवढंच चालतं. तिसरा घाणा वेळेत उतरला. रोट्या कागदासारख्या नव्हत्या, वाकड्या होत्या, एकीचा आकार श्रीलंकेसारखा होता, पण वेळेत होत्या. आई पिठाळ हातांनी तशीच जमिनीवर बसली आणि पोट धरून हसली. वडील गेल्यापासून मी तिला असं हसताना ऐकलं नव्हतं. मला आनंदाने काय करू आणि काय नको असं झालं.

संध्याकाळी ताट मांडलं. काळी शेंग, पांढरं वांगं, मोहोर, खजुराचा शिरा, मिठाच्या पाण्याची वाटी, कोथिंबिरीच्या काड्या. काळ्या मनुका भिजवून पिळलेलं सरबत पेल्यांत भरलं. आमच्यात तीच द्राक्षांची दारू. मुलीने आजची रात्र वेगळी का, हा लहानांनी विचारायचा प्रश्न मराठीत विचारला, तमिळ हेलात, आणि बक्षीस काय असंही लगेच विचारून घेतलं. मिसर देशातून यहुद्यांच्या सुटकेची गोष्ट आई सांगत गेली. सुटताना इतकी घाई होती की पीठ आंबायला वेळच मिळाला नाही, इथवर गोष्ट आल्यावर सासूबाईंनी मान खाली घातली आणि आईने त्यांच्या पाठीवर थाप मारली. जेवायला नारळाच्या दुधातला भात होता, केळफुलाची भाजी, कोवळ्या फणसाची भाजी, कैरीचं सार. आईने फणस दोनदा मागून घेतला. माशांचं नाव निघालं नाही. मी कान देऊन बसले होते.

शेवटी ते वाक्य आलं. सेदर संपताना सगळ्यांनी म्हणायचं असतं, पुढल्या वर्षी यरुशलेमात. ठाण्याला लहानपणापासून आम्ही ते म्हणत आलो आणि म्हणून झालं की लगेच पानं उचलत आलो. त्या रात्री मला ते म्हणवेना. अश्दोदहून यरुशलेम म्हणजे बसचा प्रवास. सासऱ्यांना यातलं काही लक्षात आलं नाही, त्यांनी सगळ्यात मोठ्याने म्हटलं.

सासूबाईंना मनात ठेवणं जमत नाही. “संबंदी, खरं सांगा,” त्या म्हणाल्या. “जाणार की तुम्ही? त्या पिठामुळं जात असलांत तर बोलून टाका. मज मनास लागून राहिलं अहे.”

“पिठाचं काय घेऊन बसलात,” आई म्हणाली. तिने रोटीचे पानात पडलेले तुकडे बोटाने एकत्र केले. “जायला तर हवंच. मुलगा किती दिवसांचा बोलावतोय. नातवंडं उंच होत चाललीत, आणखी उशीर केला तर मला ओळखणारही नाहीत.”

मी मान हलवली. मला वाटलं, हरले. एवढं करून हरले, आणि आईवर रागावताही येत नव्हतं, कारण ती म्हणत होती ते खरं होतं. मी ताटातलं वांगं उगाच इकडचं तिकडे केलं.

“सण सुटला की दादाला फोन लाव,” आई मला म्हणाली. “तिकीट काढ म्हणावं.”

“बरं,” मी म्हटलं.

“जायचं-यायचं काढ म्हणावं.”

माझ्या काही डोक्यात शिरेना. नवरा असल्या बाबतीत व्यवहारी आहे. त्याने हात पुसत विचारलं, “यायचं मुंबईचं ना, आई?”

“मुंबईत आता कोण आहे माझं?” आई म्हणाली. “मद्रासचं.”